पाटे बसेपर्यंत

“काय मॅडम, गाडी अंडे उबवून राह्यली का?”

एक तर भर दुपारी आभाळ भरून आलेलं, त्यात जीप नाल्याच्या मधोमध एका धोंड्यावर पोट टेकून बसलेली, आणि वरून हा कोण टवाळ! अर्पितानं रागानं मागं पाहिलं. काठावर मोटरसायकल लावून एक पोरगा हसत उभा होता. सावळा, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि दोन्ही हातांना ग्रीसचे डाग.

“हसाले थांबले का मदतीले?”

“मले दोन्ही संगंच जमते,” तो म्हणाला, आणि चपला काठावर काढून पाण्यात उतरलासुद्धा.

पाणी घोट्याएवढंच होतं. त्यानं वाकून गाडीखाली, वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांकडे पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून चकचक केलं. “पाटे पार बसले हो हिचे. कंबर मोडली बुढीची.”

“बुढी नका म्हणू. माह्या बाबाची गाडी आहे.”

“बरं, बुढीबाई म्हणतो.”

अर्पिताला हसू आलं आणि तिनं ते ओठ दाबून परतवलं. “तिलेच उंच कराले नेऊन राह्यली मी. मोताळ्याले कोणी संघपाल आहे म्हणे, कमानी-पाट्याचं काम करते. हात चांगला आहे म्हणतात त्याचा... पण तोंड लय चालते म्हणे.”

जॅक लावता लावता तो थांबला. मग मान वर न करताच म्हणाला, “लोकं खोटं बोलतात. एवढं काई चालत नाई तोंड माहं.”

घ्या! अर्पिताचा चेहरा असा लाल झाला की विचारू नका. तेवढ्यात थेंब पडायला लागले. कार्तिकातला अवकाळी पाऊस, वेचणीला आलेल्या कापसाचा वैरी, अर्पिताच्या साऱ्या रोहिणखेड गावच्या शिव्या खात आलेला. त्या पावसात दोघांनी मिळून ती जीप धोंड्यावरून उतरवली. तो जॅक दाबत होता, ती स्टिअरिंगवर होती. गाडी सुटली तेव्हा त्यानं बोनेटवर थाप मारली आणि भिजल्या केसांतून तिच्याकडे पाहिलं. बस, एवढंच. पण तिला मोताळा येईपर्यंत गियर कुठला टाकलाय तेच कळेना.

आता या जीपची गोष्ट सांगायलाच हवी, कारण साऱ्या दुःखाचं मूळ तीच.

अर्पिताचे वडील माणिकराव यांनी उभी हयात या जीपवर रोहिणखेड ते बुलढाणा सवाऱ्या वाहिल्या होत्या. पोरगा नव्हता, म्हणून पोरीलाच गाडी शिकवली. ती सोळाची असताना राजूर घाटात तिचा गियर अडकला आणि ती रडायला लागली, तेव्हा ते म्हणाले होते, “घरी गेल्यावर रड, बेटा. घाटात डोळे कोरडे लागतात, नाईतं रस्ता दिसत नाई.” पुढं साखरेच्या आजारानं त्यांचीच नजर गेली. अगदी अंधार नव्हे, पण समोर माणूस आहे की खांब, हे आवाज आल्यावर कळायचं. जीप गोठ्यात उभी राहिली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या.

मग शेखरचं स्थळ आलं. मूळचे देऊळगाव राजाचे, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीला. माणूस वाईट नव्हता हो, उगाच कशाला पाप घ्या. हुंडा नको म्हणाला, मानपान नको म्हणाला. साक्षगंधाच्या दिवशी गोठ्यातली जीप दिसली आणि त्याचे डोळे चमकले. पुण्यात त्याचे मित्र सुट्टीच्या दिवशी जुन्या जीप घेऊन डोंगर-दऱ्या, ओढे-नाले तुडवायला जातात. “मला बाकी काही नको,” तो म्हणाला, “ही गाडी द्या. फक्त जरा लिफ्ट किट टाकून उंच करून द्या.” सिंधूताईंना, म्हणजे अर्पिताच्या आईला, केवढा आनंद! पोरगी आणि जीप, दोन्ही एकाच दिवशी उजवणार. लग्न पौषाआधीच उरकायचं ठरलं.

म्हणजे कळलं ना? ज्या दिवशी जीप उंच होऊन तयार, त्याच्या मागोमाग अर्पितानं जायचं. आणि जीप उंच करणारा हात संघपालचा.

त्याचं गॅरेज मोताळ्याच्या रस्त्यालाच होतं. पत्र्याची शेड, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ओळीनं लावलेले पाटे. पहिल्या दिवशी त्यानं समोर स्टूल मांडलं आणि विचारलं, “बोला. किती उंच पाह्यजे?”

“तुम्हीच सांगा.”

“एक तं वरून जास्तीचा पाटा घालू. सस्तं काम. पण गाडी बैलगाडीसारखी उडन. नाईतं पुरी किट मागवू, नवे पाटे, लांब शॉकअप, सगळं. त्यात दोन इंच आहे, तीन आहे, चार आहे.”

“चारमध्ये पुढचा शाफ्ट तिरपा होईन. थरथरन मंग गाडी.”

संघपालनं भुवया उंचावल्या. “हे कोणं शिकवलं?”

“बाबानं. तुमाले काय वाटलं, मी नुसती हॉर्न वाजवाले बसते?”

“मले काय वाटलं ते सांगू?...” तो म्हणाला, आणि मग सांगितलंच नाही. पाना उचलून गाडीखाली शिरला. मेला नेमका अशा वेळी गाडीखाली शिरायचा!

दोन इंच ठरलं. पार्सल आलं, किट बसली. आणि इथून पुढं जे झालं त्याला प्रेम म्हणायचं की वेडेपणा, तुम्हीच ठरवा. नवे पाटे घातले की ते लगेच बसत नाहीत. गाडीत वजन घालून ती फिरवावी लागते, दगडागोट्यातून, चढ-उतारातून, पाटे आपली जागा धरेपर्यंत. संघपालनं मागं रेतीची पोती टाकली. अर्पिता चालवायची, तो शेजारी बसून अर्धा बाहेर लोंबकळत पाट्यांचा आवाज ऐकायचा.

“कर्रर्र करते ना डावीकडून?”

“तुमची बांगडी करून राह्यली आवाज.”

“मंग काढून ठेवू बांगड्या?”

“नको...” तो चटकन म्हणाला, आणि मग घाईघाईनं, “म्हणजे... मी दोन्ही आवाज वेगळे ऐकू शकतो.”

राजूर घाटाच्या वरच्या वळणावर ती गाडी थांबवायची. खाली मोताळ्याकडची काळी रानं, तुरीची पिवळी फुलं, लांब एखादी धुराची रेघ. टपरीवरचा चहा तो बोनेटवर ठेवायचा आणि दोघंही समोर बघत प्यायची. एकमेकांकडे बघायची चोरी. बघितलं की बोलावं लागलं असतं.

“आज बसले का पाटे?” ती विचारायची.

“नाई बसले अजून,” तो म्हणायचा.

बसले होते हो! कधीचेच बसले होते. तिलाही कळत होतं, माणिकरावांची पोरगी ती. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यायची. कधी म्हणायची शॉकअप आखूड वाटतात, कधी म्हणायची मागची बाजू एक बोटभर खाली आहे. तो निमूट पाट्यांचे यू-बोल्ट सोडायचा आणि पुन्हा कसायचा. आपण काय करतोय हे दोघांनाही कळत होतं, आणि याचा शेवट काय हेही कळत होतं. रात्री अंथरुणावर पडलं की अर्पिता लग्नाला उरलेले दिवस बोटांवर मोजायची. सकाळ झाली की मात्र ती वेणी दोनदा घालायची.

मग शेखरचा फोन आला. तिनं जीपचा फोटो पाठवला होता.

“एवढीच उंच? अगं, चार इंच तरी हवी ना? मित्रांमध्ये हसं होईल माझं.”

“चार केली तर घाटात डुलते. आणि मले... मला चढताच येत नाही एवढ्या उंच.”

तो मनापासून हसला. “तुला कशाला चढायचंय? तू कुठे येणार आहेस ट्रेलवर?”

तो सहज बोलला. त्यात दुष्टावा काडीचा नव्हता, आणि म्हणूनच अर्पिताला ते जास्त लागलं. ज्या गाडीचं स्टिअरिंग तिच्या हाताला सोळाव्या वर्षापासून ठाऊक होतं, ती आता लोकांची झाली होती. आणि तिच्याबरोबर आपणही... फोन ठेवून तिनं संघपालला एवढंच सांगितलं, “चार इंच.”

त्यानं वाद घातला नाही. दोन इंची उतरवली, चार इंची चढवली. नवीन पाटे, नवीन फेऱ्या, पुन्हा तीच रेतीची पोती. पहिल्यांदा ती बसायला गेली तेव्हा पाय काही केल्या पोचेना. ओढणी सांभाळत तिनं एकदा उडी मारली, दोनदा मारली. त्यानं हात पुढं केला... मग स्वतःच्या हाताला लागलेलं ग्रीस बघून तो मागं घेतला, पँटीला खसाखसा पुसला, आणि तोवर ती स्टिअरिंगला धरून कशीबशी चढून गेली होती.

“पायरी लावून देऊ का?” त्यानं विचारलं.

“कोणासाठी?” ती समोर बघत म्हणाली. “मी कुठी बसणार आहे हिच्यात.”

त्या दिवशी घाटावर चहा घ्यायला कोणीच उतरलं नाही.

आणि मग सिंधूताई गॅरेजवर आल्या. हातात पत्रिका, पत्रिकेवर हळदकुंकू. अर्पिता जीपजवळ उभी होती. माऊली खरंच मायेची होती. संघपालनं माणिकरावांच्या गाडीसाठी घेतलेले कष्ट त्यांनी पाहिले होते. गाडीच्या निमित्तानं घरी आला की तो त्यांच्याशी तास न् तास गाड्यांच्या गप्पा मारायचा, आणि माणिकराव म्हणायचे, पोरगा पोटच्या पोरासारखा आहे.

“बाबू, लग्नाले तं येशीनच,” त्या म्हणाल्या, “पण एक मागणं आहे. आमच्या अर्पिताले सख्खा भाऊ नाई. चुलत्याचा गोविंदा आहे, पण शेताच्या धुऱ्याच्या भांडणापायी दोन घरांत शब्द नाई. लग्नात नवरदेवाचा कान पिळाले भाऊ लागते ना! तू भाऊ होऊन उभा राह्य. जातपात मी काई पाहत नाई, बापा. हिचा भाऊ हो.”

अर्पितानं जीपचं दार घट्ट धरलं. रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला.

संघपालनं पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. “काकू,” तो म्हणाला, “मंडप घालाले सांगा. पंगतीत वाढाले सांगा. सगळे पाहुणे गाडीतून नेऊन सोडतो. पण हे नका सांगू. हे... मले नाई होणार.”

“काऊन रे?”

त्यानं अर्पिताकडे बघायला नको होतं. पण बघितलं त्यानं. एवढे दिवस चुकवलेली ती नजर त्या एका क्षणी सरळ येऊन थांबली, आणि सिंधूताईंनी त्या नजरेच्या मागोमाग आपल्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आईला सांगावं लागतं थोडंच! त्यांचा चेहरा बघता बघता बदलला. जात न पाहणाऱ्या त्या बाईला एकाएकी सगळंच दिसायला लागलं. भाऊ म्हणून जो अंगणभर चालला असता, तो जावई म्हणून उंबऱ्याशीही नको होता.

“गाडी उद्या नेतो आम्ही,” त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन ऑटोत बसल्या.

“आधी काऊन नाई बोलले?” अर्पिताचा आवाज फुटला.

“बोलून काय केलं असतं? पाह्यलं ना आता...”

“आता तं बोला! एकदा तरी तोंडानं बोला. लय चालते ना तोंड?”

संघपालनं मान खाली घातली. “तुम्ही पाहिजे मले,” तो म्हणाला. “त्या नाल्यापासून. दुसरं काई सुचतच नाई. पाटे बसले म्हणालो असतो तं तुम्ही गेल्या असत्या, म्हणून रोज खोटं बोललो.”

“मले मालूम होतं.”

“मालूम होतं?”

“मंग! मी काय आवाज ऐकत नव्हती का?” ती रडत हसली. ऑटोतून आईची हाक आली. ती भरभर म्हणाली, “मी घरी बोलते. आजच. बाबा ऐकतीन माहं. ऐकलं तं उद्या गाडी न्याले मीच येईन, मीच चालवत नेईन. अन् दुसरं कोणी आलं तं...”

“तं?”

ती धावत ऑटोत जाऊन बसली. ऑटो निघाला तेव्हा तो तिथंच पत्रिका हातात धरून उभा होता.

बोलली हो ती. भित्री नव्हती पोरगी. बापाच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. माणिकराव ऐकत राहिले, आणि मग पोटच्या पोरासारख्या त्या पोराचं नाव न घेता त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “तुझ्या मायले विचार,” एवढंच म्हणाले. सिंधूताईंनी आरडाओरडा केला नाही. त्या परसातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या. “तू घराबाहेर पाय टाक,” त्या म्हणाल्या, “मी इथून उठत नाई, खालीच जाते.” सकाळ झाली तरी त्या तिथंच होत्या. अर्पितानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा त्या उठल्या. ज्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन घरांत शब्द नव्हता, तो धुरा सिंधूताईंनी त्याच दिवशी चुलत्यांना सोडून दिला, आणि जीप आणायला गोविंदा गेला.

संध्याकाळी गाडी अंगणात लागली आणि लग्नापर्यंत ताडपत्रीखाली झाकून ठेवली. अर्पिता खोलीतून बाहेर आली नाही. गोविंदा खोलीच्या दाराशी आला. तो आपणहून बोलला, “मिस्त्री येडाच दिसला. सकाळपासून रस्त्याकडं तोंड करून बसला होता म्हणे. मले पाह्यलं अन् किल्ली देऊन आत गेला. चहापाणी तं जाऊ द्या, शब्द नाई बोलला.”

लग्न थाटात झालं. गोविंदानं शेखरचा कान पिळला, लोक हसले, टाळ्या वाजल्या. अक्षता पडत होत्या तेव्हा अर्पिताला आपण दुसऱ्याच कोणाच्या तरी लग्नात उभ्या आहोत असं वाटत होतं. पाठवणीची वेळ झाली. हार घातलेली, चार इंच उंच झालेली जीप दारात उभी. चाकाखाली नारळ ठेवला. आणि नवरीला काही चढता येईना. शालू, दागिने, डोक्यावर पदर, आणि गाडी तर उंटासारखी! बाया हसायला लागल्या, कोणी स्टूल आणायला धावलं, कोणी म्हणालं नवरदेवानं उचलावं.

या गडबडीत माणिकराव जीपला शेवटचं भेटत होते. बोनेटवरून, मडगार्डवरून, दारावरून त्यांचा हात हळूहळू फिरत होता. ड्रायव्हरच्या बाजूला येऊन तो थांबला. ते खाली वाकले.

“गोविंदा,” त्यांनी विचारलं, “ही पायरी कोणं लावली?”

सगळे तिकडे वळले. ड्रायव्हरच्या दाराखाली एक लहानशी लोखंडी पायरी होती. नवी कोरी, कडा घासून गोल केलेल्या, पाय घसरू नये म्हणून वर खरबरीत पत्रा मारलेला. दुसऱ्या बाजूला नव्हती. फक्त याच बाजूला.

“मिस्त्रीनंच लावली असन,” गोविंदा म्हणाला. “पण उलट्या बाजूनं लावली येड्यानं. नवरी तं तिकून बसते.”

अर्पिताला सगळं कळलं. त्या रात्री संघपाल वेल्डिंग करत बसला होता. सकाळी ती येणार, स्वतः गाडी चालवत नेणार, तिचा पाय पोचला पाहिजे. त्याला वाटलं होतं ती येईल. खरंच वाटलं होतं त्याला.

माणिकराव बराच वेळ ती पायरी चाचपत राहिले. या बाजूनं कोण चढायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते उठले तेव्हा त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “चूक झाली, बेटा,” ते इतकं हळू म्हणाले की फक्त तिलाच ऐकू आलं. मग मोठ्यानं म्हणाले, “जावईबापू, एक ऐका माहं. घाट चढेपर्यंत तिले चालवू द्या.”

शेखर हसला. “चालवू दे की! व्हिडिओ काढतो मी.”

अर्पिता वळसा घालून आली. शालू किंचित उचलला, पायरीवर पाय ठेवला. पायरी नेमकी तिच्या पायाच्या मापाची होती. दुसऱ्या कोणाचा हात न धरता ती चढली. नारळ चाकाखाली फुटला.

मोताळा आला. गॅरेजसमोर एक ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते, कामाच्या तालात हलणारे. हा आवाज त्याला ओळखू येत नसेल? हजार गाड्यांत ओळखला असता त्यानं. जीप जवळ आली आणि ते पाय हलायचे थांबले. अर्पितानं गाडी हळू केली... अगदी हळू. तो बाहेर आला नाही. तिनं हॉर्न वाजवला नाही. मागं वऱ्हाडाच्या गाड्या होत्या.

“काय सुरेख चालवतेस गं!” शेखर मोबाईल धरून म्हणाला. “आणि बघ, नवे पाटे असून आवाजसुद्धा नाही.”

“हो,” ती म्हणाली, “बसले ते.”

पुढं राजूर घाटाचं पहिलं वळण दिसायला लागलं. अर्पितानं शालूच्या पदरानं दोन्ही डोळे नीट, कोरडे होईपर्यंत पुसले, गियर बदलला, आणि गाडी चढाला लावली.